लॅबमधले रिकामे कॉम्प्युटर विज्ञानाच्या कामाला कसे लावावेत

२३ ऑगस्ट २००८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, गणित विभागाच्या लॅबमधल्या एका कॉम्प्युटरने १,२९,७८,१८९ अंकी मूळ संख्या शोधली. तोवर माहीत असलेल्या मूळ संख्यांमध्ये ती सर्वांत मोठी होती. दोनचा ४,३१,१२,६०९ वा घात घ्या आणि त्यातून एक वजा करा, की ती संख्या मिळते. हे काम करणारा डेल ऑप्टिप्लेक्स ७४५ हा काही महासंगणक नव्हता. कोअर २ ड्युओ प्रोसेसर, विंडोज एक्सपी, आणि विद्यार्थी रोज ज्यावर प्रॅक्टिकल करतात तसल्या ७५ मशीनांपैकी एक. तिथल्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने त्या सगळ्या मशीनांवर अशाच प्रकारच्या, म्हणजे मर्सेन, मूळ संख्या शोधणाऱ्या जिम्प्स प्रकल्पाचा प्रोग्राम टाकून ठेवला होता. मशीन रिकामे असले की प्रोग्राम आकडेमोड करायचा, कुणी येऊन बसले की बाजूला व्हायचा. एक कोटी अंकांचा टप्पा ओलांडल्याबद्दल इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेचे एक लाख डॉलरचे बक्षीस या शोधाला मिळाले.

आज आपल्याकडच्या कुठल्याही बीएस्सी, बीसीए किंवा डिप्लोमा कॉलेजच्या लॅबमध्ये त्याहून कितीतरी वेगवान पीसी आहेत. सकाळी दहाला लॅब उघडते, मेन स्विच पडतो, चाळीस मशीन सुरू होतात, आणि दोन बॅचच्या मधल्या वेळात सगळ्या स्क्रीनवर डेस्कटॉपचे चित्र दिसत राहते. मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. ही रिकामी ताकद वाया जाताना पाहून मला मनापासून वाईट वाटायचे, म्हणून हे काम हाती घेतले. ते करताना काय कळले, कुठे अडलो आणि कोणत्या क्रमाने गेले तर त्रास कमी होतो, ते पुढे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. या कामात पैसे मिळत नाहीत आणि याचा बिटकॉइनच्या मायनिंगशी संबंध नाही. शास्त्रज्ञांकडे डेटाचा डोंगर असतो. ते त्याचे लहान तुकडे करून जगभरच्या कॉम्प्युटरांना पाठवतात. आपले मशीन एक तुकडा घेते, हिशेब करते आणि उत्तर परत पाठवते. स्टाफरूममध्ये कुणी विचारलेच, तर एवढे सांगितले की पुरते.

सर्वांत आधी लेखी परवानगी

उत्साहाच्या भरात ही पायरी गाळू नका. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका तांत्रिक महाविद्यालयाच्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने १९९९ मध्ये कॉलेजच्या कॉम्प्युटरांवर परवानगी न घेता असाच एक स्वयंसेवी प्रोग्राम टाकला. हेतू वाईट नव्हता, तरी नोकरी गेली आणि फौजदारी खटला उभा राहिला. जानेवारी २००२ मध्ये तडजोड झाली, तेव्हा एक वर्षाचे प्रोबेशन, २,१०० डॉलर आणि ८० तासांची समाजसेवा त्याच्या वाट्याला आली. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ चा भर मालकाच्या किंवा ताबा असलेल्या व्यक्तीच्या परवानगीवरच आहे. लॅब इन्चार्ज म्हणून किल्ली तुमच्याकडे असते, पण डेड स्टॉक रजिस्टरमध्ये मशीन संस्थेच्या नावावर असतात.

अर्ज विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांकडे द्या आणि तो एका पानातच बसवा. आमच्या अर्जाचा गाभा असा होता:

विषय: संगणक प्रयोगशाळेतील संगणकांच्या रिकाम्या वेळेत स्वयंसेवी वैज्ञानिक गणनकार्य चालविण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, प्रयोगशाळा क्र. २ मधील संगणक दोन तासिकांच्या मधल्या वेळेत चालू परंतु विनावापर असतात. या वेळेत विद्यापीठे व संशोधन संस्था चालवीत असलेल्या वैज्ञानिक प्रकल्पांसाठी गणनकार्य करण्याचे योजिले आहे. यासाठी संगणक अधिक वेळ चालू ठेवले जाणार नाहीत. वाढीव वीजवापराचे मोजमाप सोबत जोडले आहे. परीक्षा व प्रात्यक्षिकांच्या वेळी हे काम पूर्णपणे बंद राहील. महाविद्यालयाची वा विद्यार्थ्यांची कोणतीही माहिती बाहेर पाठविली जाणार नाही. प्रथम एका संगणकावर एक आठवडा व नंतर दहा संगणकांवर एक महिना चाचणी घेऊन अहवाल सादर करण्यात येईल.

परवानगी मिळाली ती "वाढीव वीजवापराचे मोजमाप" आणि "परीक्षेच्या वेळी बंद" या दोन वाक्यांमुळे, असे मला वाटते. प्राचार्यांनी विचारलेले दोन्ही प्रश्न नेमके तेच होते. म्हणून अर्ज लिहायच्या आधी मोजमाप करून ठेवा.

वीज आणि उष्णता

विजेचा हिशेब अंदाजाने मांडू नका. प्लगमध्ये लावायचा, वॉट दाखवणारा एनर्जी मीटर इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. क्लॅम्प मीटरने काम भागत नाही. त्याने फक्त करंट कळतो आणि पीसीच्या एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) पॉवर फॅक्टर एक असेलच असे नाही, त्यामुळे आकडा फसवा येतो. मॉनिटर सोडून फक्त सीपीयूचा प्लग मीटरवर लावा आणि तीन वेळा वाचन घ्या: मशीन रिकामे असताना, सगळे कोअर पूर्ण भारावर असताना आणि निम्मेच कोअर कामाला लावलेले असताना.

आमच्या चार कोअरच्या मशीनांवर हे आकडे ३८, ९२ आणि ६४ वॉट आले. तुमचे वेगळे येतील, पण हिशेबाची रीत हीच. निम्म्या कोअरवर एका मशीनमागे २६ वॉट जास्त लागतात. चाळीस मशीनांचे १,०४० वॉट, म्हणजे साधारण एक किलोवॉट. दिवसाला चार तास रिकामे मिळाले तर चार युनिट, महिन्याच्या २५ दिवसांचे शंभर युनिट. दहा रुपये दर धरला तर महिना हजार रुपये. सगळे कोअर लावले तर हाच आकडा एकवीसशेच्या पुढे जातो.

यात माझा एक ठाम आग्रह आहे. मशीन तसेही चालू असतात तेवढ्याच वेळेत हे काम करा. रात्रभर मुद्दाम चालू ठेवू नका. दिवसा त्या मशीनला जागे राहण्यापुरते ३८ वॉट लागतच असतात, आपण त्यात थोडी भर घालून मोठे काम करून घेतो. रात्री मात्र तोच पाया धरून सगळी वीज नव्याने जळते आणि तिचे बिल संस्थेच्या माथी येते. शिवाय कुलूपबंद लॅबमध्ये चाळीस मशीन पूर्ण भारावर ठेवणे आगीच्या दृष्टीनेही मला पटत नाही.

उष्णतेचाही हिशेब करा. मशीनने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन उतरते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे आपल्या जादा एक किलोवॉटसाठी एसीची जवळपास पाव ते तृतीयांश टन क्षमता खर्ची पडते. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पंख्यावर चालणाऱ्या लॅबमध्ये हे काम सरळ बंद ठेवा. मशीनचे आयुष्य कमी होईल ते वेगळेच, आत बसलेल्या पोरांचे हाल आधी होतील.

सुरू करण्याआधी एक दिवस काढा आणि ब्लोअर घेऊन सगळ्या मशीनांच्या हीटसिंकमधली धूळ काढा. आमच्याकडे तीन मशीन पूर्ण भारावर गेल्याबरोबर बंद पडली. उघडून पाहिले तर पंख्याखाली नमद्यासारखा धुळीचा थर होता.

प्रकल्प कोणता घ्यावा

बहुतेक प्रकल्प बॉइंक नावाच्या एकाच मोफत सॉफ्टवेअरवर चालतात. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत तयार झाले. परग्रहांवरच्या संदेशांचा शोध घेणारा सेटी अ‍ॅट होम हा त्यातला सर्वांत गाजलेला प्रकल्प १७ मे १९९९ ला सुरू झाला आणि ३१ मार्च २०२० ला त्याने नवीन काम पाठवणे थांबवले. जुन्या लेखांत अजूनही त्याचीच शिफारस सापडते, ती सोडून द्या.

कॉलेजच्या लॅबसाठी माझी पहिली पसंती आइनस्टाइन अ‍ॅट होम. तो २००५ पासून चालू आहे. फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांपासून सतत येणाऱ्या गुरुत्वीय लहरी तो अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांच्या डेटात शोधतो, आणि रेडिओ व गॅमा किरण दुर्बिणींच्या डेटात पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत स्पंदने पाठवणारे न्यूट्रॉन तारे, शोधतो. २०१० मध्ये त्यातून सेकंदाला सुमारे ४१ फेऱ्या मारणारा एक पल्सार सापडला. तो आरेसिबोच्या दुर्बिणीच्या डेटात होता. ज्या कॉम्प्युटरांनी तो पकडला त्यांतला एक अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका जोडप्याच्या घरी होता आणि दुसरा जर्मनीत माइन्त्स विद्यापीठाच्या संगीत-संगणनाच्या विभागात. संगीत विभागातल्या मशीनने तारा शोधला, ही गोष्ट मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो.

या प्रकल्पाशी आपले नातेही आहे. लायगोचीच भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यात सहभागी आहे. परभणी-नांदेडकडच्या मुलांना हे सांगितले की डोळ्यांत वेगळीच चमक दिसते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड हा आरोग्यविषयक कामांचा प्रकल्प आयबीएमने २००४ मध्ये सुरू केला. तो २०२१ मध्ये टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेला. स्थलांतरानंतर २०२२ मध्ये त्याचे काम बराच काळ बंद होते, म्हणून त्या एकट्यावर भिस्त ठेवू नका. प्रथिनांच्या रचनेवर काम करणारा रोझेटा अ‍ॅट होम वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेतून निघाला, आणि त्यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याची कामे मेमरी जास्त खातात, चार जीबीच्या मशीनवर नकोतच. ऑक्सफर्डच्या हवामान प्रकल्पातले एकेक काम फार लांबते, रोज संध्याकाळी बंद होणाऱ्या लॅबला ते झेपत नाही. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी संस्थेच्या एलएचसी अ‍ॅट होममधल्या बऱ्याच कामांना व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारे सॉफ्टवेअर) लागतो, तो खटाटोप पहिल्या वर्षी टाळा. फोल्डिंग अ‍ॅट होमचा प्रोग्राम वेगळा आहे, बॉइंकमध्ये बसत नाही. चांगले ग्राफिक कार्ड असलेल्या मशीनवर त्याची खरी मजा.

सुरुवातीला मुख्य एक आणि राखीव एक असे दोनच प्रकल्प जोडा. राखीव प्रकल्पाचा रिसोर्स शेअर, म्हणजे कामातला वाटा, शून्य ठेवा, म्हणजे मुख्य प्रकल्पाकडे काम नसेल तेव्हाच तो काम मागतो.

एका मशीनवर आठवडाभर चाचणी

बॉइंक फक्त त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. सॉफ्टवेअर वाटणाऱ्या इतर ठिकाणांवरच्या प्रतींत मायनर, म्हणजे चोरून बिटकॉइनसारखे मायनिंग करणारा प्रोग्राम, मिसळलेला निघू शकतो. उबंटू असेल तर त्याच्याच भांडारात बॉइंक क्लायंट मिळतो.

विंडोजवर बसवताना प्रगत पर्यायांचे पान उघडा. तिथे दोन खुणा महत्त्वाच्या आहेत. पहिली सर्व्हिस म्हणून बसवण्याची. ती केली तर कुणी लॉगइन केले नसतानाही काम चालते. लॅबला हेच हवे. मात्र या पद्धतीत ग्राफिक कार्ड वापरता येत नाही. दुसरी खूण आहे सगळ्या वापरकर्त्यांना बॉइंकचा ताबा देण्याची. ती काढून टाका. नाहीतर कुतूहलापोटी एखादा विद्यार्थी भलताच प्रकल्प जोडून ठेवतो. आमच्याकडे दुसऱ्याच आठवड्यात हे झाले.

प्रकल्पाचे खाते कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर काढा, स्वतःच्या नव्हे. तुमची बदली झाली तरी काम चालू राहिले पाहिजे.

आता सेटिंग्ज. या एका पानावर सगळे यशापयश ठरते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोअर: "यूज अ‍ॅट मोस्ट" समोर सीपीयूंची टक्केवारी ५० करा. त्याच्याच खाली सीपीयू टाइमची टक्केवारी असते, ती १०० च राहू द्या. पुष्कळजण उलट करतात. सीपीयू टाइम कमी केला की बॉइंक काम दर काही क्षणांनी थांबवतो आणि परत सुरू करतो. पंख्याचा आवाज चढत-उतरत राहतो आणि तापमानही सारखे हेलकावे खाते. कोअर कमी करणे कधीही बरे.

वापरात असताना: "कॉम्प्युटर वापरात असताना थांबवा" ही खूण करा. वापरात म्हणजे शेवटच्या किती मिनिटांत माउस किंवा कीबोर्ड हलला, ते तिथे ठरवता येते. तीन मिनिटे असतात, मी दहा केली. विद्यार्थी वहीत अल्गोरिदम लिहीत असतो तेव्हा तीन मिनिटे सहज जातात आणि मग त्याचा प्रोग्राम कम्पाइल होताना मशीन अडखळते. त्याखेरीज इतर प्रोग्रामांचा सीपीयू वापर २५ टक्क्यांच्या वर गेला की थांबण्याचीही सोय आहे, तीही चालू ठेवा.

मेमरी: थांबलेले काम मेमरीत राहू द्यायचे की नाही, असा पर्याय असतो. आठ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर राहू द्या. नाहीतर प्रत्येक वेळी काम शेवटच्या चेकपॉइंटपर्यंत, म्हणजे डिस्कवर शेवटचे जिथे साठवले तिथपर्यंत, मागे जाते आणि केलेले वाया जाते. चार जीबीच्या मशीनवर मात्र ही खूण काढा, विद्यार्थ्याची सोय आधी.

कामाचा साठा: किमान ०.१ दिवस आणि जादा ०.२ दिवस, एवढाच ठेवा. आइनस्टाइनच्या कामांना साधारण चौदा दिवसांची मुदत असते. आपले मशीन दिवसाला चारच तास राबणार, रविवारी बंद, मध्ये एखादा सण. हावरेपणाने दहा दिवसांचा साठा घेतला तर निम्मी कामे मुदतीबाहेर जातात आणि सर्व्हरला ती दुसऱ्या कुणाला नव्याने द्यावी लागतात. म्हणजे मदत करायला गेलो आणि खोळंबा केला.

वेळ: रोज किती ते किती वाजेपर्यंत काम करायचे ते ठरवता येते, आणि आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी वेगळी वेळही देता येते. लॅबचे टाइमटेबल समोर ठेवून हे भरा. तुमच्याकडे भारनियमनाची ठरावीक वेळ असेल तर तीही वगळा.

डिस्क: पाच जीबीची मर्यादा पुरेशी आहे.

आठवडाभर त्या मशीनवर रोज प्रॅक्टिकल होऊ द्या आणि मुलांना काही जाणवते का ते विचारा. तपासणीसाठी सर्वांत जुने, सर्वांत कुरकुरणारे मशीन निवडा. त्यावर निभावले तर सगळीकडे निभावते.

सगळ्या लॅबवर बसवताना

लॅबमध्ये एक मशीन तयार करून त्याची इमेज (हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत) बाकीच्यांवर टाकायची आपली सवय असते. इथे एक खड्डा आहे. प्रकल्प जोडलेल्या अवस्थेत इमेज घेतली तर चाळीसही मशीन सर्व्हरला एकाच ओळखीची दिसतात. एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर जाते, सगळा गोंधळ होतो. म्हणून बॉइंक बसवा, सेटिंग्ज भरा, पण प्रकल्प जोडू नका. इमेज तशीच घ्या आणि प्रत्येक मशीनवर प्रकल्प नंतर जोडा.

जोडताना खात्याचा पासवर्ड प्रत्येक ठिकाणी टाकू नका. खात्याच्या पानावर एक दुय्यम किल्ली मिळते, तिला वीक अकाउंट की म्हणतात. तिने मशीन खात्याला जोडता येते, पण खात्यात बदल करता येत नाहीत. एखाद्याने ती मशीनवरून उचलली तरी फार बिघडत नाही.

त्याच खात्यावर मशीनांना होम, वर्क आणि स्कूल असे तीन प्रकार देता येतात. लॅबची मशीन स्कूलमध्ये टाका आणि त्या प्रकाराची सेटिंग्ज संकेतस्थळावर एकदाच भरा. पुढे कोअर कमी-जास्त करायचे तर चाळीस खुर्च्यांवर जाऊन बसावे लागत नाही. एक ध्यानात ठेवा. मशीनवर स्थानिक सेटिंग्ज भरलेली असतील तर ती संकेतस्थळावरच्या सेटिंग्जवर मात करतात. दोन्हीकडे बदल करून "लागूच होत नाही" म्हणून मी एक पूर्ण दिवस घालवला आहे.

आता आपल्याकडच्या लॅबमधली खास अडचण, डीप फ्रीझ. मशीन रीस्टार्ट झाले की सगळे पहिल्यासारखे करणारे हे सॉफ्टवेअर व्हायरसपासून वाचवते, पण बॉइंकने सहा तास केलेले कामही पुसून टाकते. दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा पहिल्यापासून काम मागते, आणि सर्व्हरकडे अर्धवट कामांची रास साचते. उपाय सोपा आहे. डी ड्राइव्ह किंवा एखादे लहान पार्टिशन फ्रीझमधून मोकळे ठेवा आणि बसवताना बॉइंकचे डेटा फोल्डर तिथे द्या. प्रोग्राम गोठलेल्या ड्राइव्हवर असला तरी चालतो, डेटा मात्र मोकळ्या जागीच हवा.

अँटिव्हायरसमध्येही ते डेटा फोल्डर अपवादात टाका. सतत सीपीयू खाणारा अनोळखी प्रोग्राम दिसला की काही अँटिव्हायरस त्याला मायनर समजून उडवतात.

पॉवर सेटिंगमध्ये मशीन झोपी जाण्याची वेळ पाहा. स्लीपमध्ये गेलेल्या मशीनवर काहीच चालत नाही. आम्ही स्क्रीन पाच मिनिटांनी बंद होऊ देतो आणि मशीनला दिवसभर झोपू देत नाही. मॉनिटर लवकर बंद झाल्याने वाचलेली वीज जादा खर्चातून वजा होते, हेही अहवालात लिहा.

नेटवर्क आणि यूपीएस

बॉइंक बाहेर जाताना ब्राउझरच्याच पोर्टने जातो, ८० आणि ४४३. त्यामुळे फायरवॉलमध्ये वेगळे भोक पाडावे लागत नाही. खरा त्रास लॉगइन पानाचा होतो. बऱ्याच कॉलेजांत इंटरनेटसाठी आधी ब्राउझरमध्ये नाव आणि पासवर्ड टाकावा लागतो. बॉइंकला ते येत नाही, त्याला फाइलऐवजी लॉगइनचे पान मिळते आणि तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना सांगून प्रकल्पाच्या सर्व्हरचा पत्ता लॉगइनशिवाय खुला करून घ्या. साधा प्रॉक्सी असेल तर त्याचा पत्ता बॉइंकच्या पर्यायांत भरता येतो. फाइल्सची ने-आण सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवा, म्हणजे दिवसा ऑनलाइन तासांना अडथळा होत नाही.

यूपीएसबद्दल नीट समजून घ्या. बॅटरीवर असताना काम थांबवण्याची सोय बॉइंकमध्ये आहे, पण ती लॅपटॉपपुरती. लॅबच्या मोठ्या यूपीएसवर डेस्कटॉप चालू आहे हे त्याला कळत नाही. वीज गेली की जादा किलोवॉटचा भारही बॅटरीवर पडतो आणि अर्ध्या तासाचा बॅकअप वीस मिनिटांवर येऊ शकतो. म्हणून लॅबमधल्या एका मशीनवरून सगळ्यांना थांबवण्याची सोय करून ठेवा. बॉइंकला नेटवर्कवरून हुकूम देता येतो, त्यासाठी पोर्ट ३१४१६ वापरले जाते. प्रत्येक मशीनवर परवानगीच्या यादीत फक्त इन्चार्जच्या मशीनचा पत्ता टाका आणि पासवर्ड ठेवा. हे पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडे ठेवू नका. मी एक छोटी बॅच फाइल केली आहे, तिच्यावर दोनदा क्लिक केले की सगळी मशीन थांबतात. दुसरी फाइल परत सुरू करते. आमचे लॅब असिस्टंट मामा आता वीज गेली की पंख्याकडे न पाहता आधी त्या फाइलकडे हात नेतात.

परीक्षा

लॅबमध्ये ऑनलाइन परीक्षा असेल, विशेषतः बाहेरची प्रवेश परीक्षा असेल, तर काम थांबवणे पुरेसे नाही. बॉइंकची सर्व्हिसच बंद करा आणि ती आपोआप सुरू होणार नाही असे करा. परीक्षा घेणारी माणसे आदल्या दिवशी मशीन तपासतात. अनोळखी प्रोग्राम दिसला तर केंद्राच्या नावाला बट्टा लागायला वेळ लागत नाही. परीक्षेच्या चार दिवस आधी "नवीन काम नको" ही आज्ञा द्या, हातातली कामे संपू द्या, मगच सर्व्हिस बंद करा. ही तारीख मी लॅबच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहितो.

लक्ष ठेवणे

एकदा बसवले की विसरून जाण्याचा मोह होतो. अमेरिकेतल्या मध्य मिसुरी विद्यापीठाचीच गोष्ट घ्या. कर्टिस कूपर या प्राध्यापकांनी तिथल्या कॅम्पसच्या कॉम्प्युटरांवर जिम्प्सचे काम वर्षानुवर्षे चालवले आणि चार विक्रमी मूळ संख्या मिळवल्या. त्यांतली शेवटची, २,२३,३८,६१८ अंकी. ती मशीनने १७ सप्टेंबर २०१५ ला सर्व्हरला कळवली होती. पण सूचनेचा ईमेल गेलाच नाही, आणि ७ जानेवारी २०१६ ला देखभालीच्या कामात कुणाच्या तरी नजरेस पडेपर्यंत जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या साडेतीन महिने डेटाबेसमध्ये पडून होती.

आपल्याला एवढा मोठा शोध लागेल असे नाही, पण दर सोमवारी दहा मिनिटे खात्याचे पान बघा. एकच काम निदान दोन वेगळ्या मशीनांना देऊन उत्तरे जुळवण्याची पद्धत बऱ्याच प्रकल्पांत असते. एखाद्या मशीनची उत्तरे सतत अमान्य ठरत असतील तर त्या मशीनची रॅम किंवा कूलिंग बिघडले आहे असे समजा. आमच्या लॅबमधली एक सदोष रॅम अशीच सापडली. त्या मशीनवर मुलांचे प्रोग्राम अधूनमधून कोसळायचे आणि आम्ही दोष त्यांच्या कोडला देत होतो. ते कळल्यावर मी त्या बॅचची माफी मागितली.

मुलांना यात ओढा. कॉलेजच्या नावाने एक टीम काढा आणि महिन्याचे मोजमाप त्यांच्याकडे सोपवा. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या चौघी मुलींनी वीज, पूर्ण झालेली कामे आणि खोलीचे तापमान यांचा तक्ता ठेवला. कॉलेजच्या ऊर्जा परीक्षणाच्या वेळी तोच तक्ता जसाच्या तसा उपयोगी पडला. क्रेडिटच्या, म्हणजे केलेल्या कामाबद्दल प्रकल्प देतो त्या गुणांच्या, शर्यतीत मात्र त्यांना अडकू देऊ नका. आकडा वाढवण्यासाठी मशीन रात्री चालू ठेवायचा मोह तिथूनच सुरू होतो.

सुट्टी लागताना

दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आठ दिवस नवीन काम घेणे थांबवा. शेवटच्या दिवशी प्रत्येक मशीनवर यादी रिकामी आहे ना आणि पूर्ण झालेली कामे सर्व्हरला पोहोचली ना, हे पाहा. "रेडी टू रिपोर्ट" असे दिसणारे काम अजून कळवलेले नसते, त्यासाठी अपडेटचे बटण दाबावे लागते. मगच मेन स्विच पाडा. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी आधी धूळ काढा, एका मशीनवर तासभर काम चालू देऊन तापमान बघा, त्यानंतर बाकीच्यांवर काम घेणे पुन्हा सुरू करा.